चपलेचा बेडूक

लाईट गेली आणि कूलर थांबला, एवढंच झालं. मे महिन्यातल्या सकाळी दुर्गजवळच्या रुआबांध्यात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे, पण कूलरची घरघर अशी मध्येच तुटली की घरातल्या बाकीच्या आवाजांना तोंड फुटतं. सूर्यकांत पाण्याची बादली हातात धरून जिन्याखाली उभा होता आणि गच्चीवरचं बोलणं त्याला अगदी कानाशी लागून बोलल्यासारखं ऐकू आलं. वर त्याची बायको सत्यभामा आणि शेजारच्या भागाबाई जुन्या साडीवर कुरडया घालत होत्या. सोऱ्या दाबताना माणसाचा आवाज जसा दाबून येतो, तसा सत्यभामेचा आवाज येत होता.

"तुमालेच सांगून राहिली, भागाबाई. माही किडनी त्यायले रुजली नाही."

"अवं बाई! आन डॉक्टर त म्हन्ते, रिपोर्ट चांगले हाय."

"रिपोर्टाचं काय घेऊन बसल्या? कागद चांगले हाय, मानूस नाही. दोन उन्हाळे झाले, मासोळीच्या गरीले हात नाही लावला. ज्या मानसाले तापात बी तलावाचे सपन पडे, तो दिवसभर खुर्चीत बसून रायते. माह्याशी असा बोलते, जसा बँकेत आला. माह्याच किडनीत काई खोट असन."

लाईट आली, कूलर पुन्हा घरघरू लागला आणि भागाबाईंनी काय उत्तर दिलं ते त्या घरघरीत गेलं. बादलीतलं अर्धं पाणी सूर्यकांतच्या पायांवर सांडलं होतं. त्याला ते गार लागलं, बरं लागलं, आणि बरं लागल्याबद्दल लगेच ओशाळल्यासारखं झालं. त्याने फडकं घेऊन फरशी पुसली, खुर्चीत जाऊन बसला, आणि आपण खुर्चीतच येऊन बसलो हे ध्यानात आल्यावर परत उठून उभा राहिला. उभं राहून करायचं काय, ते मात्र सुचेना.

खोट. हा शब्द त्याच्या चांगला ओळखीचा होता. पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ घडवणाऱ्या रेल मिलच्या क्रेनवर त्याचा जन्म गेला. लांबच लांब लालभडक रूळ खालून सरकत यायचे, थंड व्हायचे, मग तपासणीला जायचे, आणि ज्यात आत कुठे खोट निघाली तो रूळ त्याने उचलून बाजूच्या ढिगावर नेऊन ठेवायचा. बाहेरून पाहिलं तर तो बाकीच्यांसारखाच असायचा, सरळ आणि चकचकीत. वर केबिनमध्ये बसून त्याला कधी कधी त्या रुळाची दया यायची, उगीचच. आणि आता सत्यभामा दोन वर्षं मनातल्या मनात त्या ढिगावर जाऊन पडली होती, कुरडया घालत होती, त्याच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत होती, आणि तिला तिथे नेऊन ठेवणारा क्रेनवाला तोच होता. हे त्याच्या पोटात दुखलं. पोटात म्हणजे उजवीकडे, खाली, जिथे तिची किडनी बसवली होती तिथेच, किंवा तसं त्याला वाटलं. त्या जागेवर तळहात ठेवायची त्याला सवय लागली होती. बाहेर कुणी पाहिलं तर त्यांना वाटे, म्हाताऱ्याला गॅस झाला.

त्याआधीची वर्षं त्याला तहानेसारखी आठवत. डायलिसिसच्या दिवसांत पाणी मोजून मिळायचं. सत्यभामा कप भरून द्यायची आणि तो पाणी तोंडात नुसतं फिरवत बसायचा, गिळायला जीव व्हायचा नाही. दुपारी डोळा लागला की तलाव दिसायचा, मे महिन्यातला, आटत आलेला, काठाला तडे गेलेला चिखल, मध्ये कमळाची पानं आणि पानांखालचं ते कोमट, काळं पाणी. स्वप्नात तो पाणी प्यायचा नाही, नुसता गरी टाकायचा. मग रायपूरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, मुलगी मिताली पुण्याहून धावत आली, तिचं जुळलं नाही, आणि सत्यभामेचं जुळलं. डॉक्टरांनी पुष्कळ समजावून सांगितलं, विचार करा म्हणाले, घरी बोला म्हणाले. सत्यभामेने सगळं ऐकून घेतलं आणि दोन वांगी उरली असावीत तशी म्हणाली, "दोन हाय ना? मंग एक घ्या." डॉक्टर हसले होते. सूर्यकांत भिंतीकडे पाहत राहिला होता, कारण तिच्याकडे पाहिलं असतं तर तो तिथे सगळ्यांसमोर रडला असता.

उपकाराचं कसं करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वडील गुलाबराव रेल्वेत फिटर, गोंदियाकडून दुर्गला आलेले, त्यांनी आयुष्यात त्याच्या आईला कधी 'बरं केलंस' म्हटल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. फार झालं तर ते ताटात मागून भाजी घ्यायचे. दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी सूर्यकांतने धीर करून म्हणून पाहिलं, "तुहे लई उपकार हाय माह्यावर." सत्यभामा पिशव्या भरत होती. ती म्हणाली, "चूप राहा, नर्स ऐकून राहिली." झालं. त्यानंतर तो विषय निघाला नाही. पण घरी आल्यावर पडल्या पडल्या त्याच्या मनात तो तराजू हलू लागला. पुराणातल्या सत्यभामेने नवऱ्याला पारड्यात बसवून दुसरीकडे दागिने टाकले होते. इथे उलटंच, या सत्यभामेने आपल्या शरीराचा तुकडा एका पारड्यात ठेवला होता आणि दुसरं रिकामं पारडं त्याच्या तोंडासमोर लोंबत होतं. त्यात टाकायला त्याच्याजवळ होतं काय? साड्या तिला नको असत, सोनं ती मितालीला देऊन टाकी, यात्रेला तिचे गुडघे चालत नसत. आपली म्हणावी अशी, जिवापाड आवडणारी, सुटली तर खरोखर दुखेल अशी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती. त्याने ती पारड्यात टाकली. रॉड कपाटावर ठेवला, वर जुनं पोतं टाकलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. पहिलं वर्ष डॉक्टरांनीच संसर्गाच्या भीतीने तलाव वर्ज्य केला होता. दुसऱ्या वर्षी म्हणाले, हातमोजे घाला, पाण्यात उतरू नका, मासळीला हात लावू नका, मग खुशाल जा. हे त्याने घरी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्याग कसला राहिला असता?

आणि तिला ते आवडेल याबद्दल त्याला काडीची शंका नव्हती. जन्मभर तिने त्या मासेमारीच्या नावाने बोटं मोडली होती. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तो घरी न येता परस्पर तलावावर जायचा आणि दिवेलागणीला चिखलाने भरून यायचा, तेव्हा ती दारातच नाकाला पदर लावायची. "मरळीशीच लगन लावाचं होतं, मले कावून आनलं?" असं म्हणत बेसन आणि लिंबाचं साल हातावर ठेवायची. बाकी लोक गांडूळ लावून, बांबूची काठी धरून, डुलक्या काढत बसतात, तसलं त्याचं नव्हतं. तसलं वडिलांचं होतं, शिवनाथ नदीच्या काठी, बिडी ओढत. याला लागायची नकली गरी. प्लांटमधल्या एका मित्राने, आनंदने, त्याला कधी तरी बाहेरून आणलेला रबरी बेडूक दाखवला होता, तो त्याने एका रविवारी नीट पाहून घेतला आणि दुसऱ्या रविवारी सत्यभामेच्या फाटक्या स्लिपरमधून तसाच बेडूक कापून काढला. तळव्याचं पोट, पट्ट्याच्या कातरून केलेल्या तंगड्या, पाठीला दाबून बसवलेले दोन आकडे. असा हलका की कमळाच्या पानावरून टुणटुणत जाई. उन्हाळ्यात पाणी तापलं, उथळ झालं की मरळ पानांखाली दबा धरून बसते, मधूनच श्वास घ्यायला वर येते, एक बुडबुडा सोडते आणि परत जाते. त्या बुडबुड्याच्या पुढे, पण फार पुढे नाही, बेडूक टाकायचा. पान, पान, पाणी. मग कधी काहीच होत नाही, दहादा काहीच होत नाही, आणि अकराव्यांदा पाणी फुटतं, कुणी पाटा विहिरीत टाकावा तसं. तो आवाज आला की गळ्यापासून पायापर्यंत कुणी तरी ओढून घेतं माणसाला. रेल मिलच्या त्या भट्टीसारख्या दुपारींतून तो त्या आवाजाच्या जोरावर बाहेर पडला होता. देवळात बसून इतर लोकांना जे होतं म्हणतात ते त्याला तिथे, चिखलात, घामाने थबथबून व्हायचं, आणि तो मनात कुणाचे तरी आभार मानायचा. कुणाचे ते त्याने कधी ठरवलं नव्हतं.

दुपारी सत्यभामा पिठाचे हात घेऊन खाली आली आणि तिने पाहिलं, तर सूर्यकांत स्टुलावर उभा राहून कपाटावरचं पोतं काढत होता. खाली अंथरलेल्या पेपरवर रॉड होता, रील होती, आणि डब्यात जुने बेडूक होते. दोन उन्हाळ्यांत ते सगळे चिकटून, वितळून, एकमेकांत गेले होते. तंगड्या धरून ओढल्या तर हातातच राहिल्या. ती दारातच थांबली. पडू नका म्हणाली नाही, पसारा कावून केला म्हणाली नाही.

सूर्यकांत तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तुही जुनी चप्पल हाय का एखादी?"

या घरात त्या प्रश्नाचा दुसरा काही अर्थ नव्हता. कूलर चालू होता. त्याने वळून पाहिलं, तर ती भिंतीला हात लावून, एका पायावर उभी राहून, पायातली स्लिपर काढत होती. निळ्या पट्ट्याची, पांढऱ्या तळव्याची, मागच्याच आठवड्यात पावर हाउसच्या बाजारातून आणलेली.

"अवं, हे त नवी हाय. म्या जुनी मांगतली."

"जुनी नाही हाय. हेच घ्या."

आणि ती एक पाय अनवाणी टाकत, तापलेल्या अंगणातून, भागाबाईंना उरलेलं पीठ द्यायला निघून गेली. सूर्यकांत ती गरम चप्पल हातात घेऊन बसला. तिच्या टाचेचा ठसा अजून पुरता उमटलेलाही नव्हता. ही बाई अशीच देते, त्याला वाटलं, मागितलं की अंगावरचं काढून देते, आणि वर निघून जाते, आपल्याला तोंड उघडायलाही जागा ठेवत नाही. त्याने ब्लेड घेतलं. पहिला काप वाकडा गेला, पुढे हाताला आपोआप आठवत गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं स्कूटीवरून निघाली. "मी बी येतो" असं ती म्हणाली नव्हती, नुसती तयार होऊन, लग्नाकार्यातल्या सॅंडल घालून, पाण्याच्या बाटल्या, गोळ्यांचा डबा आणि साबण पिशवीत भरून मागच्या सीटवर बसली. इतक्या वर्षांच्या संसारात ती तलावावर पहिल्यांदाच येत होती. रॉड तिने झेंड्यासारखा उभा धरला होता, मासळी उचलायची जाळी आणि चिमटा पायाशी ठेवले होते आणि उतईच्या रस्त्याला ओळखीचं कुणी दिसलं की मान दुसरीकडे फिरवत होती. गावाबाहेरचा तो तलाव गुड्डूने रोहू-कतला मासे वाढवायला ठेक्याने घेतला होता. नाव गुड्डू, पण वय आजोबा होण्याचं. त्याने सूर्यकांतला पाहिलं आणि लांबूनच ओरडला, "आ गे भइया! ये भुंडा मन मोर जम्मो पिला ला खा डारिन. ले जा, सब ला ले जा!" भुंडा म्हणजे मरळ, आणि ती त्याची सगळी पिल्लं खाऊन टाकत होती. तिच्यावर गुड्डूचा दात होता, त्यामुळे सूर्यकांतचं तिथे कायम जावयासारखं स्वागत व्हायचं.

सत्यभामा करंजाच्या सावलीत बसली. सूर्यकांतने हातमोजे चढवले, काठापासून दोन हात मागेच उभा राहिला आणि पहिली फेक केली. बेडूक जेमतेम चिखल ओलांडून पडला. दुसरी फेक कमळाच्या देठात अडकली. खांदा कुरकुरत होता, आणि फेकताना कमरेला पीळ पडला की तो मध्येच थांबायचा, डावा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला जायचा. आतल्या किडनीला तर लागलं नाही ना? दोन वर्षं तो असाच जगला होता, कुणाची तरी काचेची बरणी पोटाशी धरून गर्दीतून चालावं तसा. जेवताना, वळताना, शिंकतानासुद्धा. आणि तिच्याशी बोलताना आवाज चढू नये म्हणून एकेक शब्द निवडून, जी-जी करून. त्याला वाटत होतं, याला कृतज्ञता म्हणतात. तिच्या लेखी ते बँकेतलं बोलणं होतं.

उन्हं वर आली तसा खांदा सैल झाला. पान, पान, पाणी. मग त्याला कमळाच्या मोकळ्या जागेत पाण्यावर लालसर बुंदी सांडल्यासारखं काही दिसलं. ते एकदम वर यायचं, थरथरायचं, एकदम खाली जायचं. त्याने रॉड खाली केला.

"काय झालं?" सत्यभामा उठून आली.

"पिल्लं हाय. थे लाल दिसून राहिले ना, थे. खाली माय असन. आता बेंडूक टाकला त थे खायासाठी नाही, पिल्लायसाठी झेप घेते. तशी नाही धरत."

ती डोळ्यांवर हात धरून पुढे वाकली. "आन बाप?"

"बाप बी तिथंच रायते. दोघंबी."

"मंग चला, दुसरीकडं चला," ती म्हणाली, आणि स्वतःच पिशवी उचलून पुढे झाली.

पलीकडच्या कोपऱ्यात, शेवाळ्याच्या कडेला, एक बुडबुडा फुटला. त्याने श्वास धरला आणि बेडूक टाकला. तो अलगद पडला, पानावरून घसरला, पाण्यात उतरला, आणि पाणी फुटलं. तोच आवाज. ओढायची घाई करायची नाही, तिला गिळू द्यायचं, हे त्याचं मन म्हणत होतं, आणि मग हाताने झटका दिला, रॉड वाकला, रील किंचाळली, आणि त्याच क्षणी पिशवीतल्या मोबाईलवर गोळीचा गजर सुरू झाला.

"गोळी!" सत्यभामा ओरडली. "अवो, गोळीचा टाईम झाला!"

"मरू दे गोळी!"

"अवो, पर..."

"जाळी आन! जाळी! तोंड पाहत काय उभी राहिली, अकलीचा कांदा! उतर ना पान्यात, मी उतरू का?"

मरळ शेवाळ्यात शिरत होती, तो मागे सरकत, वाकत, दात खाऊन ओढत होता. कमरेला पीळ पडला आणि हात पोटाकडे गेला नाही. सत्यभामा साडी खोचून, लग्नाच्या सॅंडलसकट, गुडघाभर चिखलात उतरली. जाळी तिने पोळ्यांची टोपली धरावी तशी दोन्ही हातांनी धरली होती. "खालून! खालून घाल! डोक्याकडून, बावळट!" तिने घातली, आणि ती काळी, जाडजूड, फणफणती मासळी जाळीत आली, आणि तिच्यासकट सत्यभामा काठावर बसकण मारून बसली. गजर वाजून वाजून बंद पडला होता.

मग सूर्यकांतला आपण काय काय बोललो ते ऐकू आलं. त्याने रॉड खाली टाकला. "लागलं का तुले? म्या... घाईत निंगून गेलं तोंडातून."

सत्यभामेच्या तोंडावर चिखल उडाला होता आणि ती हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि पुसायला गेली तर हाताचा चिखल गालाला लागला. "दोन साल झाले," ती म्हणाली, "मले देवळातल्या मूर्तीवानी बोलून राहिले तुमी. अहो-जाहोच कराचं बाकी होतं. आज नवऱ्यावानी बोलले. म्या समजली, माही किडनी तुमाले पटली नाही. म्हनूनच गरी सुटली, जीव कशातच नाही."

"गरी म्या सोडली होती. तुह्यासाठी."

"माह्यासाठी? म्या कधी म्हटलं?"

"वास येते म्हने ना तू. जनमभर म्हनत आली."

"अवो, थे त म्हनाचंच असते!" सत्यभामा कपाळावर हात मारून म्हणाली. "मंग काय म्हनू? वा वा, कसा मस्त वास येऊन राहिला? रस्सा कोन दोन वाट्या खाये, मी का भागाबाई?"

सूर्यकांत खाली बसला. मासळीला हात लावायचा नव्हता, पाण्यात उतरायचं नव्हतं, तिचे हात चिखलाने भरले होते म्हणून तेही धरता येत नव्हते. त्याने हातमोजा काढला आणि तिच्या कोपराला, कोरड्या जागेवर, हात लावला. "रुजली, सत्यभामा," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीपासून रुजली. मले सांगता नाही आलं." या वेळी भिंत नव्हती, म्हणून तो तिच्याकडेच पाहत राहिला. ती 'चूप राहा' म्हणाली नाही. नर्सही नव्हती, फक्त पलीकडे गुड्डू होता आणि तो मरळीचं वजन हाताच्या खुणांनी विचारत होता.

मग सत्यभामेने साबण काढला, बाटलीच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा धुतले, आणि गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. तो पोटभर पाणी प्यायला. अख्खी बाटली, न मोजता. तिने चिमट्याने मरळीच्या जबड्यातून बेडूक सोडवला तेव्हा त्याचं पोट फाटलेलं होतं आणि एक तंगडी मासळीच्या दातातच राहिली होती.

"गेला थो," सूर्यकांत म्हणाला. "आता दुसरा..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात पिशवीत गेला होता. गोळ्यांच्या डब्याखालून, पॉलिथीनमध्ये गुंडाळलेली, निळ्या पट्ट्याची दुसरी स्लिपर तिने बाहेर काढली आणि त्याच्यापुढे धरली. "हे बी कापा."

सूर्यकांतने ती हातात घेतली, उलटून पाहिली आणि परत तिच्या मांडीवर ठेवली. "राहू दे. एक तुह्याजवळ राहू दे."

"घ्या आता! एकीवर कोनी चालते का?"

"चालून त राहिली तू," सूर्यकांत म्हणाला, "दोन सालापासून."

सत्यभामेने ती चप्पल पिशवीत ठेवली. मग ती उठली, चिखलातली सॅंडल ओढून काढली, आणि मरळीची जाळी स्वतःच्या खांद्यावर घेऊन स्कूटीकडे चालू लागली.